एका सकाळची लिपी, जन्मभराची क्रियापदे

कोरियन भाषेच्या अभ्यासाला दोन मोजमापे उपलब्ध आहेत, आणि त्या दोहोंमधले अंतर हाच नवशिक्याचा खरा मुक्कामाचा पत्ता होय. पहिले मोजमाप इ. स. १४४६ मधले आहे: त्या वर्षी राजा सेजोंग याने आपल्या प्रजेसाठी नवी लिपी जाहीर केली, तेव्हा सोबतच्या विवरणग्रंथात जॉंग इन-जी या विद्वानाने असे नोंदवून ठेवले की शहाण्या माणसाला ही अक्षरे सकाळ सरण्याच्या आत येतील आणि मंदबुद्धीच्या माणसालाही दहा दिवस पुरे होतील. दुसरे मोजमाप अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाप्रशिक्षण संस्थेचे आहे. तिने इंग्रजी भाषकांना सर्वांत जड जाणाऱ्या मोजक्या भाषांत कोरियनची गणना केली असून तिच्यासाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २,२०० तास, मुक्रर केले आहेत. नवशिका पहिले मोजमाप वाचतो, स्वतःची गणना विनाचौकशी शहाण्यांत करतो आणि रविवारची एक सकाळ मोकळी ठेवतो. दुसरे मोजमाप त्याच्या वाचनात येते ते साधारणपणे फी भरून झाल्यावर.

‘नवशिका’ हा शब्द येथे स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरला आहे, कारण लिंग ठरवल्याशिवाय मराठीला वाक्य पुढे ढकलता येत नाही. मराठी नवशिका या वाटेला लागतो त्याची कारणेही फारशी गूढ नाहीत. कोणाला मालिकांतल्या नायकाचे मूळ शब्द भाषांतराच्या मध्यस्थीशिवाय ऐकायचे असतात, कोणाला गाण्यांतला ओठांवर बसलेला पण अर्थाचा पत्ता नसलेला मजकूर समजून घ्यायचा असतो, कोणाचा डोळा रांजणगाव किंवा तळेगाव येथील कोरियन कारखान्यांतल्या दुभाष्याच्या जागेवर असतो, आणि काही पालक केवळ आपली कन्या खोलीचे दार लावून कोणाला काय म्हणते आहे एवढे कळावे म्हणून अभ्यासाला बसतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचे नाव घातल्यापासून या शेवटच्या वर्गाची चिंता अधिकृत झाली आहे.

लिपीच्या बाबतीत जॉंग इन-जीचा शब्द खरा ठरतो. ‘हांगुल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लिपीत मुळात २८ अक्षरे होती; आज १४ व्यंजने आणि १० स्वर अशी २४ मूलभूत अक्षरे उरली आहेत. प्रमुख व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी तोंडात जे घडते त्याची रेखाटने आहेत: ‘न’साठी वरच्या दातांमागे टेकलेल्या जिभेचा काटकोन, ‘म’साठी तोंडाचा चौकोन, ‘स’साठी दात, आणि घशासाठी वर्तुळ. स्वर तीन खुणांपासून बनले, गोल ठिपका हे आकाश, आडवी रेघ ही पृथ्वी आणि उभी रेघ हा माणूस. आज त्यातले आकाश आखूड रेघेपुरते उरले आहे. ज्याने शाळेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला घोकली आहे त्याला ही रचना पाहून आजोळी आल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे सर्वस्वी खोटे नाही. उच्चारस्थानांवरून वर्ण लावण्याची भारतीय विद्या बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेली आणि तेथील ध्वनिशास्त्र सेजोंगाच्या अभ्यासात होते. काही अभ्यासक तर त्यापुढे जाऊन या लिपीतली काही अक्षरे मंगोल दरबाराच्या फाग्स-पा लिपीवरून सुचली असावीत असे मानतात; फाग्स-पा तिबेटीवरून घडली आणि तिबेटी ब्राह्मीच्या कुळातली, तेव्हा हे वादग्रस्त मत ग्राह्य धरले तर हांगुल आणि देवनागरी यांचे नाते निघते, मात्र सुतक लागणार नाही इतके दूरचे.

या लिपीला विरोधही झाला. १४४४ मध्ये छ्वे माल्ली या ज्येष्ठ दरबारी विद्वानाने राजाला निवेदन दिले की चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी बाळगणे हे मंगोल, तिबेटी, जपानी अशा रानटी लोकांचे लक्षण आहे. लोकांच्या भाषेत ज्ञान सांगणाऱ्याला आपल्याकडे कोणत्या वर्गाकडून काय ऐकावे लागले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला छ्वे माल्ली हे गृहस्थ पाहिल्यासारखे वाटतात. आता मात्र दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला लिपीच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते.

सकाळ येथे संपते. दुपारी उच्चार सुरू होतात.

क, ख, ग, घ अशा चार-चारांच्या ओळी लहानपणीच पाठ केलेल्या मराठी माणसाला कोरियनमध्ये एका जागी तीनच व्यंजने आहेत हे कळते तेव्हा त्याला एक घर सूट मिळाल्याचा आनंद होतो. ही तीन व्यंजने साधे, महाप्राण आणि ताठ अशी आहेत. महाप्राण म्हणजे ख, थ, फ यांसारखे, श्वासाचा झोत सोडून उच्चारलेले. ताठ म्हणजे घसा आवळून, श्वास अजिबात न सांडता उच्चारलेले. आणि साधे म्हणजे शब्दारंभी क आणि ख यांच्या दरम्यान कोठेतरी घुटमळणारे, पण दोन स्वरांमध्ये सापडले की सरळ ‘ग’ होणारे. घोटाळा असा की मराठी माणूस ज्याला साधा सरळ ‘त’ समजतो तो कोरियन कानाला ताठ वाटतो. चंद्राला कोरियनमध्ये ‘दाल’, मुखवट्याला ‘थाल’ आणि मुलीला, म्हणजे कन्येला, ‘त्ताल’ म्हणतात. परिणामी एखाद्या कोरियन कुटुंबाच्या गच्चीवर उभे राहून नवशिका जेव्हा चंद्र आज फार सुंदर दिसतो असे निर्मळ मनाने सांगू जातो, तेव्हा यजमानांना त्यांच्या मुलीविषयीचे मत ऐकू येते. आणि ही चूक सुधारण्यासाठी त्याने श्वासाचा थोडा अधिक झोत सोडला तर तो सुंदर मुखवट्याविषयी बोलू लागतो, ज्यामुळे परिस्थिती निवळत नाही. ‘फुल’ हा शब्द ओळखीचा वाटून तो हायसे वाटून घेतो, तर तेथे त्याचा अर्थ गवत असा निघतो.

स्वरांनीही हात राखलेला नाही. कोरियनमध्ये ‘ओ’ वेगळा आणि ‘ऑ’सारखा ऐकू येणारा स्वर वेगळा. इंग्रजीतला, ओठ दातांना लावून काढलेला ‘फ’ या भाषेत नसल्यामुळे कॉफीला ‘खॉफी’ म्हणतात, ज्यातला फ हा आपल्या फळातला फ होय. परंतु ‘खो’ म्हणजे नाक आणि ‘फी’ म्हणजे रक्त, तेव्हा ‘खोफी’ म्हणजे नाकातून वाहणारे रक्त, म्हणजेच घोळणा फुटणे. एक कप घोळणा फुटणे, दूध-साखरेसह, अशी मागणी ज्या नवशिक्याने सोलमधल्या उपाहारगृहात केलेली नाही त्याने फारसा प्रवास केला नाही असे समजावे. बाहेरून आलेल्या शब्दांना कोरियन भाषा जोडाक्षरे फोडून आत घेते: ख्रिसमसची पाच अक्षरे होऊन ‘खुरिसुमासु’ बनतो आणि मनावरच्या ताणाला ‘सुथुरेसु’ म्हणताना तो ताण मुळापेक्षा लांबतो. ज्यांच्या वाडवडिलांनी ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ सुखाने वापरले त्यांनी यावर हसण्याचे कारण नाही. उलट पावाला कोरियनमध्ये ‘प्पांग’ म्हणतात हे कळल्यावर त्यांनी उठून अभिवादनच करावे. पोर्तुगिजांचा ‘पाव’ गोव्या-मुंबईकडे थेट आला आणि कोरियात जपानमार्गे पोहोचला, त्यामुळे वडापावातला पाव आणि सोलमधला प्पांग हे सख्खे चुलतभाऊ ठरतात.

लिहिलेले आणि वाचलेले यांतला फरक हा पुढचा धडा. रश्श्याला ‘गुक’ आणि पाण्याला ‘मुल’ म्हणतात. दोन्ही जोडून सूपातला पातळ भाग सांगायचा तर लिहायचे ‘गुकमुल’ आणि म्हणायचे ‘गुङ्मुल’. इंग्रजीतली पाठ्यपुस्तके या प्रकाराची मोठी कोष्टके देतात आणि ती पाहून नवशिक्याचा धीर सुटतो. वास्तविक अनुनासिकापूर्वी येणारे कठोर व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलते हा नियम त्याने आठवीत पाठ करून, दोन गुण मिळवून, सोडून दिलेला असतो: वाक् अधिक मय बरोबर वाङ्मय. सोलच्या खानावळीतला रस्सा आणि साहित्य परिषदेतले वाङ्मय एकाच संधीने शिजते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आभार मानण्याच्या शब्दात ‘हाप्’ आणि ‘निदा’ मिळून ‘हाम्निदा’ होते तेही याच न्यायाने. शालेय व्याकरणाचा आयुष्यात पुढे काय उपयोग, या जुन्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने पूर्व आशियात सापडते.

व्याकरणात शिरल्यावर काही काळ सर्व काही अनुकूल दिसते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, हा क्रम मराठीचाच. नामाला मागून प्रत्यय चिकटतात तेही आपल्याप्रमाणेच. शिवाय नामांना लिंग नाही. टेबल ते, खुर्ची ती आणि दिवा तो, हे का, याचे उत्तर ज्यांना स्वतःच्या मुलांना देता आलेले नाही, त्यांना ही बातमी मोक्षासारखी वाटते. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, वचनाप्रमाणे बदलत नाही. मग ते कशाप्रमाणे बदलते, हा प्रश्न नवशिक्याच्या मनात येईपर्यंत एक महिना उलटतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्यापासून त्याचे बोलणे कमी होऊ लागते.

कोरियन क्रियापद माणसांच्या दर्जाप्रमाणे बदलते. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा मान क्रियापदाच्या पोटात घातला जातो आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा मान शेपटाला लावला जातो. मराठीत ‘आजोबा आले’ हे वाक्य नातवाला सांगा किंवा मुख्याध्यापकांना सांगा, ते बदलत नाही. त्यातला ‘आले’ हा मान फक्त आजोबांचा असतो. कोरियनमध्ये आजोबांचा मान आत ठेवून ऐकणाऱ्याचा मान बाहेर लावावा लागतो, आणि व्याकरणकार या बाहेरच्या मानाच्या सहा-सात पायऱ्या मोजतात, ज्यांतल्या तीन-चार रोजच्या वापरात आहेत. आदराच्या बोलण्याला ‘जोन्देन्माल’ आणि सलगीच्या बोलण्याला ‘बान्माल’, म्हणजे शब्दशः अर्धे बोलणे, म्हणतात. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांत वाढलेल्या माणसाला तत्त्व नवे नाही; नवी आहे ती जागा. मराठीत चूक ‘तू’ म्हणताच, वाक्याच्या आरंभी, होऊन जाते आणि पुढे सावरून घेता येते. कोरियनमध्ये सगळे वाक्य निर्विघ्न पार पडते आणि निकाल अगदी शेवटच्या अक्षरावर लागतो. म्हणून नवशिका काळ, वेळ, स्थळ, कर्म हे सारे स्पष्ट आवाजात उच्चारतो, क्रियापदाच्या उंबरठ्याशी येतो, समोरच्याकडे पाहतो, त्याच्या केसांवरून वयाचा अंदाज घेतो, आणि तेथेच पुटपुटतो.

या मानापमानातून निर्जीव वस्तूही सुटलेल्या नाहीत. ग्राहकाला चुकूनही कमी लेखले जाऊ नये या काळजीने दुकानांतले कर्मचारी ग्राहकाच्या वस्तूलाच आदरार्थी क्रियापद लावतात, आणि ‘तुमची कॉफी आली’ याऐवजी ‘तुमच्या कॉफी आल्या आहेत’ या थाटाचे वाक्य बोलतात. त्यात कॉफी एकच असते, पण ती वडीलधारी असते. हा वापर चूक आहे असे तेथील भाषातज्ज्ञ सांगत आले आहेत. कर्मचाऱ्यांचे मत असे दिसते की कॉफीला मान दिल्याने कोणाची तक्रार येत नाही, न दिल्याने येऊ शकते.

वयाची चौकशी ही त्यामुळे तेथे आगाऊपणाची नव्हे, व्याकरणाची गरज असते. ओळख झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात जन्मसाल विचारले जाते, कारण ते कळल्याशिवाय चौथे वाक्य पूर्ण करता येत नाही. येथेही एक पेच होता. परंपरेने मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जाई आणि प्रत्येक १ जानेवारीला सर्वांचे वय एकदम वाढे, त्यामुळे ३१ डिसेंबरला जन्मलेले बालक दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्षांचे होई. २८ जून २०२३ पासून दक्षिण कोरियाच्या कायद्याने सरकारी आणि दिवाणी व्यवहारांत आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वय प्रमाण ठरवले आणि कोणत्याही च्यवनप्राशाशिवाय अख्खा देश एक-दोन वर्षांनी तरुण झाला. नवशिक्याने जुन्या पद्धतीचे कोष्टक नुकतेच पाठ केलेले होते.

समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणावे तर तीही सोय नाही. शब्दकोशात ‘दांगशिन’ असा शब्द सापडतो आणि नवशिका तो हौसेने वापरतो. पुढे कळते की प्रत्यक्ष संभाषणात तो मुख्यत्वे नवरा-बायकोत किंवा रस्त्यावरच्या भांडणात ऐकू येतो, आणि या दोन प्रसंगांतला फरक आवाजावरून ओळखायचा असतो. सभ्य माणूस सर्वनाम टाळून पद किंवा नाते उच्चारतो. कोणत्याही दुकानाच्या मालकाला ‘साजांगनिम’, म्हणजे कंपनीचा अध्यक्ष, म्हणतात. आपल्याकडे टपरीवाल्याला ‘शेठ’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. बायको नवऱ्याला ‘यॉबो’ म्हणते किंवा मुलाचे नाव घेऊन ‘अमक्याचा बाबा’ म्हणते. ज्या समाजाने ‘अहो’ या एका अव्ययावर पिढ्यान्‌पिढ्या संसार रेटले त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

नात्यांचे शब्द हे या अभ्यासातले सर्वांत सुपीक आणि सर्वांत निसरडे क्षेत्र आहे. आत्या आणि मावशी यांना एकाच ‘आंटी’त कोंबणाऱ्या इंग्रजीपुढे कोरियन एखाद्या जाणत्या आजीसारखी वाटते: वडिलांची बहीण ‘गोमो’, आईची बहीण ‘इमो’, मामा वेगळा, मामी वेगळी, आणि वडिलांचा थोरला भाऊ धाकट्याहून वेगळा. त्याहून विशेष म्हणजे खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ बाईंना ‘इमो’ अशीच हाक मारतात. दवाखान्यात, शाळेत आणि कचेरीत कामाला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणणारा मराठी माणूस या हाकेने गहिवरतो, आणि आत्येला कोणीही कामाला का लावत नाही, या प्रश्नावर दोन्ही संस्कृतींचे मौन सारखेच अर्थपूर्ण असते.

निसरडी जागा थोरल्या भावाची आहे. मुलगा थोरल्या भावाला ‘ह्यॉंग’ म्हणतो आणि मुलगी ‘ओप्पा’ म्हणते. थोरल्या बहिणीला मुलगा ‘नूना’ आणि मुलगी ‘ऑन्नी’. येथवर सोपे आहे. परंतु मुलगी आपल्याहून मोठ्या प्रियकरालाही ‘ओप्पा’च म्हणते, आणि मालिकांच्या बाराव्या भागात पावसात भिजत ज्या आर्त स्वरात ती ही हाक देते त्या स्वरात बंधुप्रेमाचा अंश नसतो. मराठी नवशिकी या शब्दाचा अर्थ ‘दादा’ असा वहीत लिहून घेते आणि मग तिच्यापुढे संकट उभे राहते, कारण मराठीत एखाद्या तरुणाला ‘दादा’ म्हणणे हा प्रेमप्रकरणाचा आरंभ नसून, ते होऊ नये म्हणून योजलेला जुना आणि खात्रीचा उपाय आहे. भाषांतर करणाऱ्याने अशा ठिकाणी मूळ शब्द तसाच ठेवावा आणि राखीपौर्णिमेचा विचार मनात येऊ देऊ नये.

संख्यांच्या दोन मालिका आहेत, एक देशी आणि एक चिनीवरून आलेली, आणि घड्याळ पाहताना दोन्ही लागतात: तास देशी, मिनिटे चिनी. तीन वाजून तीन मिनिटे झाली असतील तर ‘से शी साम बुन’ म्हणायचे, ज्यात पहिले तीन आणि दुसरे तीन यांची एकमेकांशी ओळखही नसते. याबद्दल तक्रार करणारा मराठी माणूस एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे शब्द परप्रांतीयांना शिकवून आलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तक्रार आपोआप मागे पडते. कोरियन अकरा म्हणजे बिचारे दहा-एक असते. पैशांच्या हिशेबात मात्र ‘मान’, म्हणजे दहा हजार, हे एकक आहे. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटी झाले की ‘ऑक’ सुरू होतो. एक मानाच्या, म्हणजे दहा हजार वॉनच्या नोटेवर राजा सेजोंगाचे चित्र असून, सुटे पैसे परत घेताना गोंधळलेल्या नवशिक्याकडे तो शांतपणे पाहत असतो.

अशा गोंधळात ओळखीचे शब्द भेटतात तेव्हा दिलासा वाटतो, पण त्यांची चौकशी केलेली बरी. बौद्ध धर्माबरोबर चिनी अक्षरांचा वळसा घेत काही संस्कृत शब्द कोरियात पोहोचले. क्षणाचा ‘छाल्ला’ झाला, नरकाचा ‘नाराक’ झाला, आणि असुरांच्या नावाने ‘आसुराजांग’, म्हणजे प्रचंड गोंधळाची जागा, तयार झाली. सर्वांत हृदयद्रावक कथा गंधर्वाची आहे. देवलोकीचा हा गायक कोरियात भटक्या कलावंतांना लावलेल्या विशेषणामार्फत खाली उतरत गेला आणि आज ‘गॉन्दाल’ या रूपात उडाणटप्पू किंवा गुंड या अर्थाने नांदतो आहे. लोकमान्य टिळकांनी नारायणराव राजहंसांना कौतुकाने जी पदवी दिली तिचा उत्तरार्ध सोलमध्ये कोणाला लावला तर मारामारी होईल. याउलट ज्या शब्दांचा काहीही संबंध नाही ते जुळे वाटतात: दुःखात, दमल्यावर किंवा गुडघे धरून उठताना कोरियन माणूस ‘आइगो’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘आई गं’, आणि दोघांच्या चेहऱ्यावरचा भावही एकच असतो. शिजलेल्या भाताला ‘बाप’ म्हणतात, यात निदान कोकणातल्या माणसाला तरी काही वावगे वाटू नये.

‘बाप खाल्लात का’ असा या अन्नाचा उल्लेख असलेला प्रश्न तेथे कुशल विचारण्याच्या जागी येतो. जेवणाचा तपशील देणे अपेक्षित नसते, जसे आपल्याकडे ‘काय, जेवण झालं का?’ याला भाजीचे नाव सांगत नाहीत. ‘एकदा जेवू या की’ हे कोरियन आमंत्रणही पेठांतल्या ‘या एकदा घरी’ याच जातीचे आहे. त्यात तारीख नसते, आणि विचारणे शिष्टाचाराला धरून नसते. प्रत्यक्ष जेवणाची वेळ आलीच तर भात आणि रस्सा चमच्याने, बाकीचे ‘बान्छान’, म्हणजे भोवतीच्या वाट्यांतली तोंडीलावणी, धातूच्या गुळगुळीत काड्यांनी घ्यायची. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण ते पितरांच्या विधीसारखे दिसते. आणि सर्वांत वडील माणसाने सुरुवात केल्यावाचून हात लावायचा नाही. नवशिक्याची अडचण फक्त शेवटच्या नियमात होत नाही, कारण काड्यांत पहिला घास धरेपर्यंत सर्व वडील मंडळींचे जेवण होऊन गेलेले असते.

या साऱ्या नियमांच्या मुळाशी ‘नुन्छी’ नावाची गोष्ट आहे. ‘नुन’ म्हणजे डोळा. नुन्छी म्हणजे कोणी काही न सांगता केवळ चेहरे आणि शांतता पाहून कोणाच्या मनात काय आहे हे ओळखण्याची कला. ती ज्याच्यापाशी असते त्याची नुन्छी जलद म्हणतात, आणि नसते त्याला नुन्छीच नाही म्हणतात, जे दूषण बरेच गंभीर आहे. नवशिक्याचा प्रवास या मापाने पाहिला तर एक विलक्षण गोष्ट आढळते. पहिल्या आठवड्यात तो मालिकांतून उचललेली वाक्ये मोकळ्या गळ्याने फेकत असतो, आणि त्याने ऐतिहासिक मालिका पाहिल्या असतील तर किराणा दुकानदाराला राजदरबारी भाषेत संबोधण्यापर्यंत त्याची मजल जाते. महिनाभराने त्याला ताठ आणि साध्या व्यंजनांतला फरक कळतो, आणि तो चंद्राचा विषय टाळतो. तिसऱ्या महिन्यात त्याला क्रियापदाची शेपटे समजतात आणि तो वाक्ये अर्ध्यावर सोडतो. सहाव्या महिन्यात तो समोरच्याचे वय, पद, नाते आणि चेहरा यांचा विचार करून आदबीने किंचित झुकतो, हसतो आणि काहीच बोलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो सारे विसरल्यासारखा दिसतो. कोरियन माणसाला मात्र हा परदेशी आता कोठे सुधारू लागला असे वाटते.

परीक्षा घेणाऱ्यांनीही याची दखल घेतली असावी. परदेशी विद्यार्थ्यांच्या कोरियन प्रावीण्याची जी अधिकृत परीक्षा ‘टोपिक’ या नावाने होते, तिच्या प्राथमिक विभागात ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० असे ७० प्रश्न १०० मिनिटांत सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. एकूण गुण २००. डोळे मिटून खुणा केल्या तर संभाव्यतेच्या नियमाने ५० मिळावेत, आणि पहिल्या पातळीला ८० लागतात, म्हणजे सहा महिन्यांच्या अभ्यासाला उरलेले ३० मिळवायचे असतात. या विभागात लेखन नाही आणि बोलणेही नाही. ऐकावे, पाहावे, ओळखावे आणि शेवटपर्यंत तोंड उघडू नये, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते.